प्लेगच्या धड्यातले तीन प्रश्न

आम्ही दोघे एकाच शाळेत शिकवतो. एकाकडे इतिहास आहे, दुसरीकडे विज्ञान. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात इतिहासाच्या तासाला फळ्यावर फक्त '१८९७' एवढेच लिहिले आणि विचारले, "या साली काय झाले?" चार-पाच हात वर आले. सगळ्यांचे उत्तर एकच होते : "चापेकर बंधूंनी रँडचा वध केला." का केला? "तो जुलमी होता म्हणून." कशावरून? "पुस्तकात आहे." इथे उत्तरे संपली.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, प्लेग म्हणजे कोरोनासारखाच ना? मग सरकार रोगी शोधत होतं तर लोक चिडले कशाला? आपण नाही का टेस्ट करून घेतली?" त्यावर पुढच्या बाकावरची मुलगी उसळून म्हणाली, "कुठं करून घेतली? आमच्या गल्लीत सर्व्हेला आशाताई आल्या की लोक दारं लावून घ्यायचे!"

वर्गात हशा पिकला. पण ती मुलगी हसत नव्हती. तिची आई आशा कार्यकर्ती आहे हे आम्हाला नंतर कळले.

तो तास तिथेच थांबवावा लागला. इतिहासाच्या पुस्तकातला परिच्छेद दहा ओळींचा असतो. आणि या मुलांनी तर त्या परिच्छेदातले निम्मे प्रसंग स्वतःच्या गल्लीत पाहिले होते. आम्ही दोघांनी मग पुढचे पाच तास एकत्र घेतले. प्रत्येक प्रसंगाला तीनच प्रश्न विचारायचे असे ठरवले. पहिला : तेव्हा माणसांना काय माहीत होते आणि ते कसे कळले? दुसरा : त्या माहितीच्या, किंवा अज्ञानाच्या, बळावर कोणी कोणाशी कसे वागले? तिसरा : त्या जागी मी असतो किंवा असते, तर? त्या पाच तासांत जे घडले ते इथे मांडत आहोत. त्यात आमच्या फजितीचाही भाग आहे.

तेव्हा काय माहीत होते?

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात तापाचे विचित्र रोगी आढळू लागले. जांघेत किंवा काखेत गाठ, कडक ताप आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस तिथे व्यवसाय करत होते. हा गाठीचा प्लेग आहे असे निदान त्यांनी केले. आज हे वाक्य साधे वाटते. पण मुंबई हे मोठे बंदर होते. 'प्लेग' हा शब्द उच्चारताच परदेशी बंदरे आपल्या मालाला बंद होणार, हे व्यापाऱ्यांना आणि सरकारला पक्के ठाऊक होते. त्यामुळे निदान मान्य करायला सुरुवातीला खळखळ झाली. पुढे तज्ज्ञांनी तपासून ते बरोबर असल्याचे सांगितले. १८९७ साली व्हेनिसला प्लेगविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि व्यापाराची भीती निराधार नव्हती हेही दिसले.

रोगाचा जंतू तोवर सापडलेला होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी तो ओळखला होता. पण जंतू माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे कोणालाच नीट माहीत नव्हते. कोणी म्हणे घाणीतून, कोणी म्हणे जमिनीतून, कोणी म्हणे रोग्याच्या कपड्यांतून. म्हणून सरकारने काय केले? गटारे धुतली, घरे रिकामी केली, सामान जाळले, माणसे वेगळी काढली. उंदीर मात्र या घरातून त्या घरात जायला मोकळेच राहिले.

इथे विज्ञानाच्या बाईंनी मुलांना थांबवले आणि विचारले, "उंदरांचा संबंध आहे असा तुम्हाला संशय आहे. पण उंदीर माणसाला चावल्याचे दिसत नाही. मग रोग येतो कुठून, हे कसे शोधाल?" मुलांनी दहा-बारा मिनिटे डोके खाजवले. एकाने 'उंदरावरच्या पिसवा' म्हटले, आणि त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटले.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरला १८९८ साली हेच सुचले. काही रोग्यांच्या अंगावर एक बारीक फोड दिसे, आणि त्यातल्या द्रवात प्लेगचे जंतू सापडत. हा पिसवेचा चावा तर नसेल? कराचीत त्याने प्रयोग केला. एका मोठ्या बरणीत प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा निरोगी उंदीर ठेवला. दोघांना एकमेकांना स्पर्श करता येत नव्हता. पण पिसवेला जाळी ओलांडता येत होती. काही दिवसांनी निरोगी उंदीर प्लेगने मेला. पिसवा नसलेला रोगी उंदीर ठेवला तेव्हा मात्र शेजाऱ्याला काही झाले नाही.

मुलांना वाटले, आता सगळ्यांनी सिमाँला डोक्यावर घेतले असेल. तसे झाले नाही. भारतात नेमलेल्या पहिल्या प्लेग आयोगाने त्याचे म्हणणे बाजूला सारले. १९०५ नंतर मुंबईत परळला नव्याने प्रयोग झाले. प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. काही जमिनीलगत, काही उंचावर, काहींभोवती चिकट कागद पसरलेला. पिसवेला फार उंच उडी मारता येत नाही. जमिनीलगतचे प्राणी मेले. उंचावरचे आणि चिकट कागदाच्या आतले वाचले. तेव्हा कुठे शंका मिटली.

आम्ही मुलांना वहीत एक साधी गोष्ट लिहायला सांगितली : रँड पुण्यात आला तेव्हा १८९७ साल होते; सिमाँचा प्रयोग १८९८ चा; आणि त्यावर विश्वास बसला १९०५ नंतर. या तीन तारखा एका खाली एक लिहिल्या की पहिल्या प्रश्नाचे महत्त्व मुलांना आपोआप कळते. आज आपल्याला माहीत असलेली गोष्ट कालच्या माणसाच्या डोक्यात टाकून त्याला शहाणा किंवा मूर्ख ठरवायचे नाही. इतिहासात तारखा पाठ करायच्या त्या यासाठी.

कोण कोणाशी कसे वागले?

मग रँड निर्दोष ठरतो का? मुलांनीच हा प्रश्न विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. त्याने सरकारला फार मोठे अधिकार दिले. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड हा अधिकारी आला आणि मार्चमध्ये गोऱ्या सोल्जरांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. सोल्जर माजघरात, देवघरात, स्वयंपाकघरात बुटांसह शिरत. स्त्रियांची तपासणी चारचौघांत होई. संशयितांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. वस्तूंची नासधूस होई. तक्रारीला दाद नव्हती.

मुंबईत त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. इस्पितळात माणसांना मारून त्यांच्या अंगातून 'मोमियाई' नावाचे औषध काढतात, अशी अफवा होती. मुलांना हे हास्यास्पद वाटले. आम्ही विचारले, "२०२१ साली लसीबद्दल तुमच्या घरी काय काय बोलले जात होते?" वर्ग जरा शांत झाला. मग एकेक सांगू लागला : लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, मूल होत नाही, दंडाला चमचा चिकटतो. हसू ओसरल्यावर एक मुलगा म्हणाला, "माझ्या आजोबांनी म्हणूनच घेतली नव्हती." त्याचे आजोबा त्या वर्षी गेले. यावर आम्ही काही भाष्य केले नाही. करण्यासारखे नव्हते.

पण अफवा का पसरते, याचा विचार मुलांनी केला. जो माणूस आपल्याशी कधी नीट बोलत नाही, तोच एक दिवस दारात येऊन 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून तुझा माणूस उचलून नेतो. त्याच्यावर विश्वास कसा बसावा? अफवा खोटी असते, पण तिच्या मुळाशी असलेला अविश्वास पुष्कळदा खऱ्या अनुभवातून आलेला असतो. रँडला पिसवेचे ज्ञान नव्हते, हा त्याचा दोष म्हणता येत नाही. पण तपासणीला स्त्री असावी, घरात शिरण्याआधी बोलावे, तक्रार ऐकावी, एवढे कळायला कोणत्याही प्रयोगाची गरज नव्हती. हा फरक मुलांनी स्वतः काढला. आमच्या मते त्या पाच तासांतली ही सर्वांत मोलाची कमाई.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा समारंभ गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या निवासस्थानी होता. परतताना दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच वेळी लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. रँड ३ जुलैला मेला. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फाशी गेले. याच सुमारास लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. हेच टिळक साथीत पुणे सोडून गेले नव्हते. हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता, हे मुलांना सहसा ठाऊक नसते.

१८९७ चा तो कायदा पुढे सव्वाशे वर्षांनीही कामी आला. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत राज्य सरकारांनी तोच वापरला. त्याच वर्षी त्यात बदल करून आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षेची तरतूद झाली, कारण डॉक्टर आणि परिचारिकांवर दगडफेक होत होती, भाड्याच्या घरांतून त्यांना बाहेर काढले जात होते. १८९६ चे आर्थर रोड आणि २०२० ची आपली गल्ली यांच्यात अंतर किती? मधला १९९४ चा प्रसंगही आम्ही सांगितला. त्या वर्षी आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आणि मग सुरतेत प्लेग आला. सुरतेतून लाखो लोक पळाले. औषध उपलब्ध होते आणि मृत्यू शंभराच्या आतच राहिले, तरीही. माहिती होती, विश्वास नव्हता.

त्या जागी मी असतो तर?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि सर्वांत फसवाही. 'मी असतो तर' म्हटले की वर्गातला प्रत्येक मुलगा शूर होतो. आमच्याही वर्गात तसेच झाले. म्हणून आम्ही एक अट घातली : तुम्ही जे केले असते म्हणता, त्याची किंमत काय पडली असती तेही लिहायचे. आणि चार माणसे समोर ठेवली.

पहिल्या सावित्रीबाई फुले. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. पुण्याजवळ माळावर त्याने प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका अस्पृश्य कुटुंबातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी तिथे पोचवल्याचे सांगतात. त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय ६६. रँड ज्या समारंभाहून परतत होता, ती गव्हर्नरच्या निवासाची वास्तू आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि त्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. पुण्याला सहल गेली तर ही इमारत मुलांना जरूर दाखवावी, आणि दोन्ही गोष्टी तिथेच सांगाव्यात.

दुसरे वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६०, ओडेसा. ज्यू असल्यामुळे रशियात त्यांच्या वाटा बंद झाल्या. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचली. १८९६ साली त्यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत तीन महिने खपून त्यांनी प्लेगची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांवर चाचणी झाली. टोचून न घेतलेल्यांशी तुलना केली तेव्हा लसीचा फायदा दिसला. तिसऱ्या आगाखानांनी लोकांची भीती जावी म्हणून सर्वांसमक्ष टोचून घेतले आणि प्रयोगशाळेला जागाही दिली. १८९९ साली परळला प्रयोगशाळा उभी राहिली. तीच आजची हाफकिन संस्था.

इथे गोष्ट संपली असती तर ती नेहमीची थोर शास्त्रज्ञाची गोष्ट झाली असती. पण १९०२ च्या ऑक्टोबरअखेर पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. ती बाटली एक्केचाळीस दिवसांपूर्वी परळला भरलेली होती. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांनी लसीत कार्बॉलिक अॅसिड घालणे बंद करून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हे त्यांच्या विरुद्ध गेले. त्यांचे पद गेले.

विज्ञानाच्या बाईंनी इथे वर्गाची चौकशी समिती केली. पुरावे फळ्यावर लिहिले. बाटली उघडताना डॉक्टरने वास घेतला होता. वाईट वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आठवड्यांमागून आठवडे बाटलीत वाढत असते तर घाण सुटली असती. त्या सकाळी बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. "आता निकाल सांगा," बाई म्हणाल्या. मुलांना पाच मिनिटे लागली. सरकारला पाच वर्षे लागली. चौकशीचे कागद प्रसिद्ध झाल्यावर मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि ते दोषमुक्त झाले. पण परळची जागा परत मिळाली नाही. ते कलकत्त्याला गेले. लसीच्या चाचण्या करण्याची मुभा त्यांना नव्हती. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये ते वारले.

मुलांना रॉस आवडले. पण एक मुलगी म्हणाली, "चिमटा पडला हे त्या माणसाला माहीत होतं. त्याच्या जागी मी असते तर बोलले असते का, मला नाही माहीत." आम्ही तिला शाबासकी दिली. 'माहीत नाही' हे त्या दिवशीचे सर्वांत प्रामाणिक उत्तर होते.

चौथे नाव गोपाळ कृष्ण गोखले. ते १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती. त्यांत सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे लिहिले होते. गोखल्यांनी ते तिथल्या वृत्तपत्राला सांगितले. मोठी खळबळ उडाली. सरकारने पुरावा मागितला. जुलैअखेर गोखले परतले तेव्हा रँडचा खून झालेला, टिळक अटकेत, पुण्यात दहशत. पत्रे लिहिणारे पुढे येऊन साक्ष द्यायला तयार होईनात. गोखल्यांपुढे तीन वाटा होत्या : नावे सांगून मित्रांना संकटात घालायचे, पुरावा नसताना आरोप रेटत राहायचे, किंवा जाहीर माफी मागायची. त्यांनी माफी मागितली, बिनशर्त, आणि मित्रांची नावे सांगितली नाहीत. इंग्रजांनी त्यांना खोटे म्हटले, स्वकीयांनी भित्रे. पुढच्या साथीत हेच गोखले स्वयंसेवक म्हणून प्लेगच्या कामात राबले.

यावर वर्गात कडाक्याचे भांडण झाले. काहींचे म्हणणे, पुण्यात अत्याचार झालेच होते. पंडिता रमाबाईंनीही स्त्रियांच्या हालांविषयी जाहीरपणे लिहिले होते. मग माफी कशाला? काहींचे म्हणणे, झाले असतील, पण ते दोन विशिष्ट प्रसंग सिद्ध करता येत नसतील तर शब्द मागे घेणेच बरोबर. आम्ही निवाडा दिला नाही. दोन्ही बाजूंनी कारणे दिली की आमचे काम झाले.

तेवढ्यात आशाताईंच्या मुलीने विचारले, "सर, तुम्ही कधी अशी माफी मागितलीत का?"

आता फजितीचा भाग. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या गावात मोबाइलवर एक निरोप फिरत होता : अमुक किराणा दुकानदाराच्या घरी कोरोनाचा रोगी आहे आणि ते लपवत आहेत. आमच्यापैकी एकाने, म्हणजे इतिहासाच्या मास्तरांनी, तो पुढे पाठवला. काळजीपोटी, असे तेव्हा वाटले. प्रत्यक्षात त्या घरात विषमज्वर होता. पंधरा दिवस त्या दुकानाची पायरी कोणी चढले नाही. पुढे सगळे निवळले आणि आम्ही ती गोष्ट विसरलो. खरे म्हणजे विसरल्यासारखे केले.

हे वर्गात सांगणे जड गेले. तोवर आम्ही दोन तास पुराव्याच्या गोष्टी शिकवत होतो. मुले गप्प होती. मग कोणीतरी हळूच म्हणाले, "मी पण पाठवला होता तो मेसेज." आणखी दोघे-तिघे बोलले. त्या संध्याकाळी सर दुकानात गेले आणि झाले ते सांगून माफी मागितली. दुकानदार साखर तोलत होता. तो म्हणाला, "सर, तुमच्याकडून आला होता हे मला तेव्हाच कळलं होतं." एवढेच बोलून त्याने पुडी बांधली. तो काय म्हणू शकला असता आणि काय म्हणाला नाही, याचा विचार आम्ही अजून करतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

या प्रयोगातून आम्हाला उमगलेल्या काही गोष्टी सहकारी शिक्षकांसाठी नोंदवतो. प्लेगच घ्यायला हवा असे नाही. आपल्या गावातला दुष्काळ, धरण, पूर, गिरणीचा संप, कोणताही प्रसंग चालेल. मात्र त्याची आजच्या जगण्याशी खरी गाठ हवी, ओढूनताणून लावलेली नको.

क्रम मोडू नये. आधी माहिती, मग वागणूक, शेवटी 'मी'. सुरुवातच 'तुम्ही काय केले असते' ने केली तर भाषणे होतात, विचार होत नाही. माहितीच्या भागात विज्ञान शिकवणाऱ्यांची मदत घ्यावी. पिंजरा, चिकट कागद, बाटलीचा वास या गोष्टी मुलांना निबंधातल्या शब्दांहून अधिक काळ लक्षात राहतात, आणि पुरावा म्हणजे काय हे त्यांना हाताने चाचपता येते.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांना गुण देऊ नयेत. गुण दिले की मुले आपल्याला आवडेल ते लिहितात. वही तपासलीच तर एवढेच पाहावे, की किंमत लिहिली आहे का. कोणाला बोलायचे नसेल तर त्याला बोलते करू नये. साथीत ज्यांच्या घरचे माणूस गेले अशी मुले आपल्या वर्गात असतात. त्यांच्या दुःखाचा आपण धडा करू नये.

आणि शेवटचे. मुलांना आरशासमोर उभे करायचे असेल तर आपण बाजूला उभे राहून चालत नाही. हाफकिन यांनी सुई आधी स्वतःला टोचली होती, याची आम्हाला त्या दिवसांत पुष्कळदा आठवण झाली.

या वर्षी पुन्हा नववीला तोच धडा येईल. पुन्हा फळ्यावर १८९७ लिहू. गेल्या खेपेला आशाताईंना वर्गात बोलवायचे राहून गेले होते. या वेळी त्यांना आधीच विचारून ठेवले आहे. दारे लावून घेणाऱ्या गल्लीत रोज सकाळी पुन्हा जायचे कसे, हे त्या मुलांना सांगणार आहेत. मुले त्यांना काय विचारतील याची आम्हाला उत्सुकता आहे, आणि थोडी धास्तीही.